कॅप्टन सत्कार कोण

मनोहरराव ढोबळे फाटकाची कडी काढून आत येताना दिसले आणि विक्रम पांढरीपांडे न्हाणीघरात शिरला. त्याची अंघोळ झालेली होती, कपडे घालून झाले होते, डबाही पिशवीत गेला होता; तो ऑफिसला निघालाच होता. पण मनोहररावांच्या हातात 'कॅप्टन सत्कार'ची प्रत होती, आणि ते कॉमिक विक्रमनंच लिहिलं होतं, त्यानंच काढलं होतं आणि पदरचं घालून त्यानंच छापून घेतलं होतं. आतून कडी लावून त्यानं नळ पूर्ण सोडला, म्हणजे अंघोळ चालू आहे असं बाहेर वाटावं.

विक्रम पाटबंधारे खात्यात अनुरेखक होता. इंजिनिअरांच्या नकाशावर पातळ कागद ठेवायचा आणि खालच्या रेघा वर उतरवायच्या, हे त्याचं काम. पुढे ते सगळं कॉम्प्युटरवर होऊ लागलं आणि त्याच्या हाताला काम उरलं नाही; हाताला मात्र हे कोणी कळवलं नव्हतं. मग तो संध्याकाळी घरी येऊन जेवणाच्या टेबलावर चित्रं काढू लागला. दोन वर्षांत चाळीस पानांचं कॉमिक तयार झालं.

कॅप्टन सत्कार हा त्यातला महाबली. त्याच्या खांद्यावरून मागे फडफडायची ती सत्कारात मिळालेली शाल. कोणी माईकवर 'हॅलो, हॅलो, टेस्टिंग' म्हटलं की त्याचे दंड फुगायचे आणि गळ्यात हार पडला की तो उडायचा. पुलाखालच्या पाण्यात बस अडकते तेव्हा तो क्षणात तिथे पोचतो, पण वरच्या वर तरंगत राहतो, कारण कॅमेरावाला अजून यायचा असतो. शेवटी कंटाळून बसमधली माणसं आपली आपणच खिडक्यांतून बाहेर निघतात आणि ओल्या कपड्यांनिशी त्याच्याबरोबर सेल्फी काढायला रांग लावतात. ती रांग विक्रमनं दोन पानं भरून काढली होती. त्याच्या मते पुस्तकातलं सगळ्यांत बोचरं चित्र तेच होतं.

हे सगळं सुचलं होतं एका फोटोवरून. तीन वर्षांपूर्वी विक्रम दौऱ्यावर असताना त्याच्या वडिलांच्या, दत्तोपंतांच्या छातीत दुखायला लागलं. विक्रमची बायको सुहासिनी समोरच्या घरी धावली. मनोहररावांनी पायजम्यावरच गाडी काढली आणि दहा मिनिटांत दत्तोपंतांना दवाखान्यात पोचवलं. दत्तोपंत वाचले. पण त्यांना स्ट्रेचरवर ठेवल्याबरोबर मनोहररावांनी तिथल्या एका माणसाच्या हाती आपला मोबाईल दिला, आणि अर्ध्या तासात प्रताप नगरच्या सगळ्या ग्रुपांवर फोटो आला. त्यात मनोहरराव पूर्ण होते. दत्तोपंतांचे फक्त पाय होते. खाली लिहिलं होतं, 'समाजसेवक मा. मनोहररावजी ढोबळे यांच्या हस्ते रुग्णास जीवदान.'

मनोहरराव तसे काटोलकडचे. तिकडे संत्र्याची बाग होती, नोकरी ग्रामसेवकाची झाली, आणि निवृत्त होऊन प्रताप नगरात घर बांधल्यावर ते नागरिक मंडळाचे अध्यक्ष झाले ते झालेच. पिठाची गिरणी असो, जिम असो की पाण्याची टाकी, गल्लीतली फीत त्यांच्याशिवाय कापली जात नसे. त्या फोटोनंतर त्यांचे आभार मानावेत की त्यांच्याशी भांडावं, हे विक्रमला ठरवता आलं नाही. दोन्ही राहून गेलं आणि कॉमिक झालं.

ते मनोहररावांच्या हाती पडेल असं त्याला वाटलंच नव्हतं. प्रती होत्या धरमपेठेत, दिपाली नावाच्या ओळखीच्या बाईंच्या पुस्तकांच्या दुकानात, आणि मनोहररावांनी स्वतःचं नाव नसलेलं काही वाचल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. शिवाय आतापर्यंत वाचकांनी जे कळवलं होतं त्यावरून विक्रमची खात्री झाली होती, की आपलं पुस्तक कोणालाच बोचत नाही. एकानं मारामारी नाही म्हणून प्रत परत केली. कॉलेजातल्या दोघी मुलींनी तशी शाल वेगळी मिळेल का असं विचारलं. एका बाईंना भाच्याच्या दुकानाच्या उद्घाटनाला कॅप्टन सत्कार हवा होता. तो काल्पनिक आहे असं दिपालीनं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, मग त्याच्या मॅनेजरचा नंबर द्या.

ऑफिसात उपअभियंत्यांनी दार लोटून घेतलं आणि हळूच सांगितलं, की हे आपले मोठे साहेब आहेत हे आपण ओळखलं. दोन दिवसांनी मोठ्या साहेबांनी जिन्यात त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मुंबईच्या कोणा बड्या माणसाला बरोबर पकडलंस म्हणाले. प्रत्येकाला त्यात कोणीतरी दिसत होतं. स्वतःचा चेहरा मात्र कोणालाच दिसत नव्हता. दत्तोपंतांनी लाल पेन घेऊन शुद्धलेखनाच्या तेवीस चुका काढल्या, आणि शेवटच्या पानावर 'विषय ठीक' असा शेरा दिला.

आता न्हाणीघरात उभं राहून विक्रम बाहेरचा कानोसा घेत होता. मनोहरराव बैठकीत बसल्याचा आवाज आला. त्यांनी चहा घेतला. विक्रमची अंघोळ होईपर्यंत बसतो, घाई नाही, असं ते म्हणाले आणि मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. अर्ध्या तासानं दार वाजलं.

"टाकीतलं पाणी संपलं," सुहासिनी दाराला तोंड लावून म्हणाली. "आता बाहेर या. काहून लपून राहिले तुम्ही? खाऊन नाही टाकणार ते."

विक्रम बाहेर आला. मनोहररावांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"झाली आंघोळ?" त्यांनी विचारलं. "केस तं कोरडेच आहेत गा."

विक्रमनं आज डोक्यावरून घेतली नाही असं काहीतरी सांगितलं. मनोहररावांनी पुस्तक मांडीवर ठेवून त्यावर हात ठेवला. दत्तोपंतांनी पेपर खाली घेतला, सुहासिनी स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

"हा कोण आहे, ते मले समजलं," मनोहरराव म्हणाले.

"काकाजी, मी..."

"हा धोंडबा आहे. धोंडबा लांजेवार."

धोंडबा लांजेवार म्हणजे पलीकडच्या कॉलनीतल्या मंडळाचे अध्यक्ष. मनोहररावांचं आणि त्यांचं दहा वर्षांचं वैर होतं, आणि त्याचं कारण एका बगीच्याच्या उद्घाटनाची एकच फीत होती. विक्रमच्या जिवात जीव आला, पण त्याच वेळी त्याला स्वतःची थोडी लाजही वाटली. त्यानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मान अशी हलवली, की तिचा कोणताही अर्थ निघावा. मनोहररावांनी हवा तो काढला. येत्या रविवारी मंडळाच्या सभागृहात पुस्तकाचा जाहीर कार्यक्रम करायचा, गल्लीतल्या घरटी एक प्रत मंडळातर्फे वाटायची आणि विक्रमचा सत्कार करायचा, असं त्यांनी उठता उठता जाहीर केलं. कॅप्टन सत्कारच्या लेखकाचा सत्कार, ही गोष्ट कोणालाच खटकली नाही.

खरं संकट गुरुवारी आलं. चौकात फ्लेक्स लागला. डावीकडे मनोहररावांचा हात जोडलेला मोठा फोटो होता, उजवीकडे पुस्तकावरून घेतलेला तेवढाच मोठा कॅप्टन सत्कार, आणि दोघांच्या मधे, कोपरांच्या उंचीवर, विक्रमचा पासपोर्टसाठी काढलेला फोटो. पुस्तक हातात घेऊन वाचणाऱ्यांच्या जे ध्यानात आलं नव्हतं, ते आता रस्त्यावरून जाणाऱ्याला स्कूटर न थांबवता कळत होतं. तीच गोल हनुवटी, तशाच टोकाला वळवलेल्या मिशा, डाव्या भुवईजवळचा तोच तीळ. मेळ्यात हरवलेले दोन भाऊ फ्लेक्सवर भेटल्यासारखे दिसत होते. दुपारपर्यंत लोक खाली उभे राहून सेल्फी काढू लागले. विक्रमनं कोपऱ्यावरून ती गर्दी पाहिली. आपण दोन पानांवर काढलेली रांग हीच, हे त्याला कळलं. पण तो आनंद घेण्याच्या मनःस्थितीत तो नव्हता.

"सरळ जाऊन सांगा त्यांना," सुहासिनी म्हणाली. "आपल्या घरी त्यांच्यामुळे माणूस जिवंत आहे. भर सभेत हसं झालं त्यांचं, तर तोंड दाखवता येईल का आपल्याला?"

विक्रम त्याच संध्याकाळी गेला. मनोहरराव निमंत्रणाचे फोन करत होते. एक संपला की दुसरा. तासभर बसून तो परत आला. शुक्रवारी सकाळी गेला, तर मनोहरराव शिंप्याकडे गेले होते, जाकिटाचं माप द्यायला. मनोहररावांच्या पत्नी मनकर्णाबाई कोथिंबीर निवडत होत्या. रविवारी सगळ्यांना सांभारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, द्यायचं त्यांनी अंगावर घेतलं होतं. विक्रमनं त्यांनाच सांगायचं ठरवलं. काकूंनी फ्लेक्स नीट पाहिला का, असं त्यानं आडून विचारलं. मनकर्णाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, थोडं हसल्या आणि फ्लेक्स चांगला झाला म्हणाल्या. मग त्याच्या हाती कोथिंबिरीची एक मोठी जुडी देऊन, सुहासिनीकडून धुऊन बारीक चिरून आण, असं सांगितलं. तो जुडी घेऊन घरी आला.

शनिवारी फोन वाजला. पलीकडे धोंडबा लांजेवार होते. मनोहररावांनी निमंत्रणाच्या प्रत्येक फोनमध्ये, हे पुस्तक धोंडबावर आहे, असं खासगीत सांगितलं होतं. आता शिव्या ऐकाव्या लागणार म्हणून विक्रम खुर्चीवर बसला.

"पांढरीपांडे साहेब," धोंडबा म्हणाले, "लोकं म्हणून राहिले का तुम्ही माह्यावर पुस्तक काढलं. अख्ख्या कॉलनीत कोणावर निघालं आहे का असं पुस्तक? मंग मलेच काहून नाही बोलावलं?"

रागावलेल्या माणसाला काय सांगायचं याची तयारी विक्रमनं केली होती. हरखलेल्या माणसासाठी त्याच्याकडे काहीच नव्हतं. "या ना," तो म्हणाला.

सुहासिनीनं फोन संपल्यावर राहिलेली कोथिंबीर चिरायला घेतली.

रविवारी सकाळी अकराला सभागृह भरलं. एवढी गर्दी मंडळाच्या कार्यक्रमाला कधीच झाली नव्हती. फ्लेक्स पाहिलेले सगळे आले होते, आणि का आले ते एकमेकांना सांगत नव्हते. दत्तोपंत पहिल्या रांगेत त्यांची लाल खुणांची प्रत घेऊन बसले. विक्रम व्यासपीठावर मनोहररावांशेजारी होता. मनोहररावांचं नवं जाकीट जरा घट्ट झालं होतं, म्हणून ते ताठ बसले होते.

दीपप्रज्वलन होत असतानाच धोंडबा लांजेवार आपल्या मंडळाच्या पंधरा-वीस लोकांसह आत आले. त्यांनी शाल आणि नारळ स्वतःच आणले होते. ऐन वेळी धावपळ नको, असं म्हणाले. त्यांना खुर्ची द्यावी लागली. मग दोन शब्द बोलू द्यावे लागले.

धोंडबांनी माईक हातात घेतला आणि तो सोडला नाही. समाजकारणात आपली तीस वर्षं गेली, पण एवढ्या बारकाईनं आपली दखल कोणी घेतली नव्हती, असं त्यांनी सांगितलं. कॅप्टन सत्कार मिरवणुकीत जीपमध्ये उभा असतो, आपल्याकडेही जीप आहे. कॅप्टन सत्कारला मदत करायला नेहमी उशीर होतो, आपल्यालाही होतो, कारण लोकांचं प्रेम रस्त्यात अडवतं. आता या पात्राचा पुतळा आपल्या कॉलनीच्या बगीच्यात बसवायचा विचार आहे. त्यांच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाकीचं सभागृह विक्रमकडे, मनोहररावांकडे आणि पुन्हा विक्रमकडे पाहत होतं.

विक्रमला शेजारची खुर्ची करकरल्याचं ऐकू आलं. मनोहरराव आधी लाल झाले होते. 'पुतळा' शब्दाला ते पांढरे पडले. धोंडबा म्हणाले, "तं मित्रहो, तुमचा हा कॅप्टन सत्कार..." आणि मनोहरराव उठले. चालत गेले, धोंडबांच्या हातून माईक काढून घेतला आणि चालू आहे का हे पाहायला त्यावर बोटानं तीनदा टकटक केलं.

"धोंडबाभाऊ, बसा," ते म्हणाले. "कॅप्टन सत्कार तुम्ही नाही. मी आहो."

धोंडबा हसले. पुरावा काय, असं त्यांनी विचारलं.

मनोहररावांनी टेबलावरची प्रत उचलली. त्यांना पानं शोधावी लागली नाहीत. अकरावं पान काढून त्यांनी लोकांसमोर धरलं. त्यात कॅप्टन सत्कार पाठमोरा उडत होता आणि त्याच्या उजव्या कानामागे पांढऱ्या केसांचा एक झुपका होता. मग स्वतः लोकांकडे पाठ केली आणि कान पुढे वाकवला.

"इथं माह्या कलपाचा ब्रश पोचत नाही," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "मागच्या माणसालेही दिसते का?"

दिसतं, असं मागून उत्तर आलं. मग एकोणिसावं पान. त्यात कॅप्टन माईकवर तीनदा टकटक करत होता. ते आत्ताच सगळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे सभागृह हसलं आणि त्या हसण्यात मनोहररावही थोडे हसले. तिसाव्या पानावर शालीला उदबत्तीचं भोक होतं. ती शाल मनकर्णाबाईंनी बायकांच्या रांगेतून उभं राहून सगळ्यांना दाखवली, कारण त्यांनी तीच पांघरली होती. धोंडबांनी जीपचा मुद्दा पुन्हा काढून पाहिला. कोणी ऐकलं नाही. लोक आता प्रतींची पानं उलटून मनोहररावांशी ताडून पाहत होते आणि एखादी नवी खूण सापडली की हात वर करून सांगत होते.

मनोहररावांनी सातवं पान काढलं तेव्हा मात्र ते थांबले. त्या पानावर एक स्ट्रेचर होता आणि त्यावरच्या माणसाचे फक्त पाय दिसत होते.

"हे दत्तोपंतजी आहेत," ते म्हणाले. "मी फोटो काढून घेतला होता. माह्यापायी त्यात त्यांचं डोकंच कापल्या गेलं."

विक्रमला जमिनीत जावंसं वाटलं. पहिल्या रांगेत दत्तोपंत काठी टेकत उठले. त्यांना माईक नको होता. चाळीस वर्षं शाळेत शिकवून कमावलेला त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात होता.

"डोकं कापलं गेलं हे खरं," ते म्हणाले. "पण जीव वाचला. हे तीन वर्षांपूर्वीच सांगायला पाहिजे होतं. आमच्या घरात कोणी सांगितलं नाही, मीसुद्धा नाही."

ते बसले. आधी सुहासिनीनं टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्या सभागृहानं. मनोहरराव माईक धरून उभे राहिले, आणि विक्रम त्यांना ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदाच त्यांना पुढे काय बोलावं हे सुचलं नाही. आणलेली शाल वाया जाऊ नये म्हणून धोंडबांनी ती मनोहररावांच्या खांद्यावर टाकली. मग दोघे कॅमेऱ्याकडे वळले आणि एकमेकांना थोडी थोडी जागा करून देत उभे राहिले.

कार्यक्रम संपल्यावर सभागृहामागच्या कडुनिंबाखाली सांभारवडीच्या प्लेटा वाटल्या जात होत्या. मनोहररावांनी विक्रमला बाजूला घेतलं.

"काकाजी, तुम्हाला कधी कळलं?" विक्रमनं विचारलं.

मनोहररावांनी सगळं सांगितलं. प्रत मनकर्णाबाईंच्या भाचीनं आणली होती. मनकर्णाबाईंनी पहिल्याच पानावर ओळखलं आणि त्या हसायला लागल्या. मनोहररावांना वाटलं, पुस्तक विनोदी असेल. पाचव्या पानावर त्यांनाही कळलं. भांडायचंच ठरवून ते विक्रमच्या घरी आले होते. पण विक्रम अर्धा तास न्हाणीत बसला आणि टेबलावर दत्तोपंतांची प्रत पडली होती. तेवढ्या वेळात ती त्यांनी लाल खुणांसकट पुन्हा वाचली.

"पयल्या खेपेले राग आला," ते म्हणाले. "दुसऱ्या खेपेले पाह्यलं तं कानामागचा झुपकाही होता त्याच्यात. ज्या लोकांनी माह्या गळ्यात हार टाकले ना, ते टाकता टाकताही कॅमेऱ्याकडेच पाहून राहिले होते. मीही तिकडंच पाहत होतो. माह्याकडं इतकं निरखून कोणी पाह्यलंच नव्हतं गा."

विक्रमनं विचारलं, "मग धोंडबांचं नाव काहून घेतलं?"

"कोणाचं तं नाव घ्या लागते ना." मनोहररावांनी वडीचा तुकडा तोंडात टाकला. "पण तो ते सोतावर घेऊनच टाकन असं नव्हतं वाटलं."

मग त्यांनी खरी गोष्ट काढली. पुस्तकाचा दुसरा भाग निघणार असेल, तर त्यात कॅप्टन सत्कारनं एकदा, एकदाच, कॅमेरा यायच्या आधी काहीतरी करावं, अशी त्यांची इच्छा होती. फार मोठं नको. एखादं लहान.

"मी अनुरेखक आहे, काकाजी," विक्रम म्हणाला. "कागदाखाली जे असेल तेच माझ्या हातून वर उमटतं. मनानं रेघ ओढली तर ओळखू येते."

मनोहररावांनी मान डोलावली आणि ते आणखी वडी आणायला गेले. विक्रमला वाटलं, आपण त्यांना दुखावलं.

त्यानंतर तीन आठवडे गेले. चौकातला फ्लेक्स उतरला. दिपालीच्या दुकानातल्या प्रती संपल्या. दत्तोपंतांच्या तेवीस दुरुस्त्या करून विक्रमनं पुस्तक पुन्हा छपाईला दिलं. आणि एका शनिवारी सकाळी मनोहरराव आले. हातात काही नव्हतं. चेहरा उतरलेला होता. विक्रम टेबलाशी बसला होता. ते समोर येऊन बसले आणि चहा नको म्हणाले. तेव्हा सुहासिनीला काळजी वाटली आणि तीही येऊन बसली.

"चार दिवस झाले," मनोहरराव म्हणाले. "कोणाले सांगितलं नाही. मनकर्णालेही नाही. जेवण जाऊन नाही राहिलं मले."

विक्रमनं काय झालं ते विचारलं. ते हळूहळू सांगू लागले. मंगळवारी ते एका सरकारी कचेरीत रहिवासी दाखल्यासाठी गेले होते. मोबाईल घरी चार्जिंगला राहिला होता. रांगेत त्यांच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना अर्ज भरता येत नव्हता. मनोहररावांची सगळी नोकरी ग्रामसेवकीत गेलेली. अर्ज भरणं त्यांच्या डाव्या हातचा मळ. त्यांनी तो भरून दिला. ते पाहून मागची बाई आपला कागद घेऊन आली. मग तिच्या मागचा. मनोहररावांनी रांग सोडली, बाहेरच्या बाकावर बसले आणि कचेरी बंद होईपर्यंत अर्ज भरत राहिले. त्यांचा स्वतःचा दाखला राहूनच गेला.

"किती लोक होते?" सुहासिनीनं विचारलं.

"मोजले नाही. पेनातली शाई सरली, मंग एकानं दुसरा पेन दिला." ते थांबले. "फोटो नाही. ग्रुपवर काही नाही. त्यातल्या एकालेही मी कोण ते माहीत नव्हतं. बुधवारी पुन्हा त्याच कचेरीवरून जाऊन राहिलो होतो, मले वाटलं, एखादा तं ओळखन. कोणीच नाही ओळखलं."

विक्रमनं कोरा कागद पुढे ओढला. बाक कसा होता, पाठ टेकायला भिंत होती का, ऊन कुठून येत होतं, असं त्यानं एकेक विचारलं, आणि मनोहररावांनी नीट आठवून सांगितलं. बाकाचा एक पाय आखूड होता, म्हणून लिहिताना ते डावीकडे कलून बसले होते. विक्रमनं ती कललेली पाठ काढली. त्यांच्यासमोर कागद घेऊन उभी असलेली बाई काढली. तिचा चेहरा कसा होता हे मनोहररावांना एवढं बारीक आठवत होतं, की विक्रमला दोनदा खोडून पुन्हा काढावा लागला.

"ही काही बोलली का?" त्यानं पेन्सिल न उचलता विचारलं.

"जाताना नाव विचारलं तिनं."

पेन्सिल थांबली. विक्रमनं वर पाहिलं. सुहासिनीही पाहत होती. मनोहररावांनी खिडकीबाहेर नजर नेली आणि मिशीवरून हात फिरवला.

"सांगितलं गा," ते शेवटी म्हणाले. "पण आडनाव नाही सांगितलं."